येते हं

उल्हास करंदीकर हा शिस्तीचा माणूस. प्लायवूडची गिरणी बंद होणार हे कळल्यावर त्याने महिन्याभरात एडिसनजवळ दुसरी नोकरी शोधली, भाड्याचा ट्रक ठरवला आणि प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते ठसठशीत अक्षरांत लिहिलं. १९८६ चा ऑक्टोबर होता. रविवारी सकाळी ओरेगन सोडून न्यू जर्सीला निघायचं होतं. शनिवारी दुपारपर्यंत सगळं घर बांधून झालं. फक्त आठ वर्षांची विनीता पायरीवर बसून राहिली होती आणि काही केल्या हलत नव्हती.

"आई आली आणि घरात दुसरेच लोक असले तर?" ती म्हणाली. "शी वोन्ट नो व्हेअर वी आर, बाबा."

पद्मिनी मार्चमध्ये ऑपरेशनला गेली होती, ती परत आली नाही. निघताना दारात लेकीचा गाल धरून म्हणाली होती, "येते हं, विनू." आपल्याकडे निघताना "जाते" कोणी म्हणत नाही. चुकून म्हटलंच तर मोठी माणसं तिथल्या तिथे टोकतात. पण विनू अमेरिकेत जन्मलेली. तिची मराठी म्हणजे आईच्या तोंडून ऐकलेली तेवढीच, आणि तिच्या लेखी येते म्हणजे येते. नंतर उल्हासने तिला "आई गेली" म्हणून सांगितलं, तर त्यानेही काही बिघडलं नाही. गेलेलं माणूस येतंच की, त्यातून येते म्हणून गेलेलं!

उल्हासने तेव्हाच नीट सांगायला हवं होतं. पण अंत्यसंस्काराच्या दिवशी कोवळ्या जिवाला कशाला दाखवायचं म्हणून त्याने तिला पोर्टलंडला सुमेधामावशीकडे ठेवलं, आणि पुढचे सात महिने उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत ढकलले. अस्थीही त्याने एकट्यानेच एल्डर क्रीकच्या डोहात सोडल्या होत्या. आता उद्या म्हणायला उद्याच उरला नव्हता.

"चल," तो म्हणाला. "आईच्या डोहावर जाऊन येऊ."

विनू उठली. आत जाऊन आईची गळाची काठी घेऊन आली.

तो डोह खरोखर पद्मिनीचाच होता. रेवदंड्याची मुलगी, मासळीवर वाढलेली. आणि नवरा मिळाला सांगलीचा, बोंबलाच्या नुसत्या नावाने नाक मुरडणारा. शेजारच्या म्हाताऱ्या मिस्टर हॉलंडने तिला कृत्रिम माशी पाण्यावर टाकून स्टीलहेड धरायला शिकवलं. हा मासा ओढ्यात जन्मतो, समुद्रात जातो आणि दोन-तीन वर्षांनी शेकडो मैल पोहून पुन्हा आपल्याच ओढ्यात येतो. पद्मिनी तो धरायची, क्षणभर पाण्यातच तळहातांवर पेलायची आणि सोडून द्यायची.

"सोडायचाच तर धरायचा कशाला?" उल्हास चिडवायचा.

"एवढ्या लांबून घरी आलाय तो," ती म्हणायची. "त्याला कालवणात घालू? माणूस आहेस का कोण!"

चाळीस मिनिटांनी त्याने गाडी पुलाजवळ लावली. घरी निघताना पद्मिनी इथेच गाडीच्या मागच्या दाराशी टेकून आपले ओले रबरी बूट काढायची. खाली उतरायला गोट्यांची वाट होती. पाय टाकला की गोटे एकमेकांवर घासून खडखडत. काठाची झाडं पिवळी झाली होती. ओल्या पानांचा आणि थंड दगडांचा वास येत होता. वरून खळाळत आलेलं पाणी डोहात शिरलं की एकदम गप्प होई. चार वाजले होते, उन्हाची एक पट्टी पाण्यावर पडली होती. आसपास चिटपाखरू नव्हतं.

उल्हास सपाट खडकावर बसला आणि विनूला जवळ घेऊन त्याने सांगून टाकलं. आई वारली, तिची राख या पाण्यात आहे, आणि येते म्हणजे खरं तर जाते, फक्त तसं म्हणायचं नसतं.

"मग खरंच येणार असलं, तर काय म्हणतात?" विनूने विचारलं.

"तेव्हाही येतेच म्हणतात," तो म्हणाला.

"देन हाऊ डू यू नो?"

उल्हासने तिच्या कोटाचं बटण लावलं. तिने काठी त्याच्या हातात दिली.

"एकदा माशी टाक ना, बाबा. आईसारखी."

त्याला टाकता येत नव्हती. पण आज तिला नाही म्हणण्याचं बळ त्याच्यात नव्हतं. पद्मिनीची पद्धत विनूला पाठ होती. काठी मागे नेताना "एक", पुढे आणताना "दोन", पुन्हा मागे नेऊन दोर हवेत पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं ते "साडेमाडे", आणि "तीन"ला माशी पाण्यावर. हे साडेमाडे पद्मिनी कुणीही म्हणणार नाही इतकं लांबवायची. मिस्टर हॉलंडही तिचं ऐकून "साडेमाडे" म्हणायला लागला होता.

विनू मोजू लागली. तीन म्हणताच माशी कशीबशी पाण्यावर पडली आणि तिच्याशेजारी एक रुपेरी पाठ वर येऊन गेली. वर्तुळ उमटलं, पसरत काठाला लागलं.

"आला!" विनू कुजबुजली.

दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदाही. चौथ्यांदा दोर मागच्या झाडात अडकला आणि माशी फांदीला लोंबत राहिली. विनूचं लक्ष नव्हतं, ती मोजतच होती. "...साडेमाडे, तीन."

माशी पाण्यावर नव्हती. तरी मासा वर आला.

असेल एखादा किडा, उल्हासला वाटलं. संध्याकाळी मासे वर येतातच. त्याने विनूच्या खांद्यावर हात ठेवून तिला थांबवलं. आता कोणीच मोजत नव्हतं.

डोहात एक वर्तुळ उमटलं.

मग दुसरं.

मग काही नाही. खूप वेळ काही नाही. उल्हासच्या लक्षात आलं की आपण श्वास धरून ठेवलाय, आणि किती वेळ धरायचा हे आपल्याला नेमकं माहीत आहे. दहा वर्षं या खडकावर बसून ऐकलेली ती लांबण होती.

ती संपली तेव्हा तिसरं वर्तुळ उमटलं.

त्याने इकडेतिकडे पाहिलं. पैलतीरावर कोणी नव्हतं. भीती वाटत नव्हती, याचंच त्याला नवल वाटलं.

विनू खडकाच्या कडेशी गेली. "आई," ती म्हणाली, "आम्ही उद्या जातोय. न्यू जर्सी. इट्स व्हेरी फार. तू येते म्हणालीस ना? मग ये."

असं बोलू नये, म्हणायला उल्हासने तोंड उघडलं. पण त्यालाही तेच म्हणायचं होतं. सात महिने तो दुसरं काहीच म्हणत नव्हता. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"ये गं," तो म्हणाला.

डोह स्वस्थ राहिला. नंतर एकही वर्तुळ उमटलं नाही.

त्याने दोर सोडवला, काठी घेतली, विनूचा हात धरला. दोघं गोट्यांच्या वाटेने चढू लागली.

निम्म्या वाटेवर विनूच्या बुटात खडा गेला म्हणून दोघं थांबली.

गोटे आणखी दोनदा खडखडले. मग थांबले.

उल्हासने मागे पाहिलं नाही. विनूने पाहिलं आणि खडा काढून बूट चढवला.

वर येऊन त्याने स्टेशन वॅगनचं मागचं दार उघडलं आणि काठी आत ठेवली.

"लावू नकोस," विनू म्हणाली. "राहू दे उघडं."

दोघं पुढे बसली. त्याने किल्ली घातली.

गाडी मागच्या बाजूने किंचित खाली दबली. कोणी दाराशी टेकलं की दबते, तेवढीच. ओल्या रबराचा वास आला.

"वेट, बाबा," विनू म्हणाली. तिचा आवाज रोजच्यासारखा होता. "आई बूट काढतेय."

उल्हासने किल्लीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. आरशात बघायचं नाही, एवढं त्याने ठरवलं.

"सावकाश होऊ दे," तो म्हणाला. "आपल्याला घाई नाही."