बाराचा पास

जयमाला गेल्याचं मला गच्चीवर कळलं.

बारा वाजत आले होते. वाशीतल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर मी एकटा, लाकडी पेटी सूर्याकडे धरून उभा होतो. सकाळी हॉस्पिटलातून तिनेच मला हाकललं होतं. "आज आभाळ स्वच्छ आहे. माझ्या तोंडाकडे काय बघत बसतोस? पास चुकवू नकोस." ताप उतरत नव्हता, पण बोलणं नेहमीसारखं होतं. तिचा भाऊ जवळ होता. म्हणून मी आलो.

पेटीच्या भोकातून ऊन आत जातं आणि मागच्या पट्टीवर छोटा कवडसा पडतो. तो तिथल्या फुलीवर धरून ठेवायचा. मीटरचा काटा असतो बाजूला. काट्याकडे मान वळवली की हात हलतो, कवडसा निसटतो. म्हणून या कामाला दोघं लागतात. एक धरणारा, एक वाचणारा. त्या दिवशी मी दोन्ही करायला बघत होतो.

शेजारच्या स्मितावहिनी वर आल्या. आमचे फोन त्यांच्याकडेच यायचे. त्या गच्चीच्या दारातच थांबल्या.

"भावजी," त्या म्हणाल्या, "आधी ती पेटी खाली ठेवा."

मी पेटी खाली ठेवली. पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही.

हे सत्त्याऐंशीच्या डिसेंबरमधलं.

तिची माझी पहिली भेटही अशीच उन्हात झाली होती. तेव्हा मी वाशीजवळच्या पावणे गावात रंगाच्या एका छोट्या कारखान्यात वायरमन होतो. एका हिवाळ्यात टाकीच्या पंपाची वायर बघायला स्लॅबवर चढलो, तर मागून आवाज आला.

"अहो, तुम्ही माझ्या उन्हात उभे आहात."

वळून बघितलं. निळी साडी, डोक्याला रुमाल, हातात पेटी. मालकांनी कुठल्याशा संस्थेच्या बाईंना स्लॅब वापरायला दिलाय हे ऐकलं होतं. पण बाई म्हणजे कुणी म्हातारी असेल असं वाटलं होतं...

"ऊन तर सगळीकडे आहे," मी म्हटलं. "थोडं घ्या की तिकडचं."

"मला हेच पाहिजे. बाराचं."

मी सरकलो. ती एकटीच धडपडत होती. कवडसा धरायची, मान वळवायची, कवडसा पळायचा.

"काटा वाचणारा तुमचा माणूस?"

"आला नाही. तुम्हाला आकडे वाचता येतात ना?"

"मीटर वाचायचाच पगार घेतो."

मग ती पेटी धरून उभी राहिली आणि मी काटा वाचला. पेटीच्या भोकावरच्या काचा बदलून दोनदा वाचला. काम झाल्यावर तिने सांगितलं. वर अमेरिकेचा एक उपग्रह फिरतो. रोज बाराच्या सुमारास आपल्या डोक्यावरून जातो आणि हवेत ओझोन किती, ते वरून मोजतो.

"तो मोजतो, मग तुम्ही कशाला?"

"तो बरोबर मोजतो का ते बघायला. वरच्याला वाटतं आपल्याला सगळं दिसतंय. पण ते खरं का, हे खालून कुणीतरी सांगावं लागतं."

"आमच्या चिमणीचा धूर दिसतो का त्याला?"

"नाही हो. त्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे इथून ठाणं, पनवेल आणि अर्धी मुंबई."

"म्हणजे चेंबूरही?"

"चेंबूरला कोण आहे तुमचं?"

"कुणी नाही. तुमच्या पिशवीवर चेंबूरच्या दुकानाचं नाव आहे."

तिने पिशवी उलटी करून ठेवली. मग हळूच म्हणाली, "हो... मी पण त्याच ठिपक्यात."

निघताना तिने जिन्यातून विचारलं, "उद्या बाराचा पास आहे. याल ना?"

मी हो म्हटलं. रात्री शर्टाला इस्त्री केली. आमच्या कारखान्यात पास म्हणजे सिनेमाचा पास. मालकांच्या ओळखीने कधीमधी मिळायचा. बाराचा म्हणजे मॅटिनी... एवढी शिकलेली बाई पहिल्याच दिवशी विचारते, याचं नवल वाटत होतं. पण नाही कोण म्हणणार?

सकाळी अर्ध्या दिवसाची रजा मागितली. झाडलोट करणारी बयाबाई, पावणे गावातलीच, दारातच कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आज इस्तरी हाय अंगावर. पोरगी बगाला चाललास का रं?"

"काम आहे, मावशी."

"डोक्याला त्याल बी लई हाय. कामाला एवरा त्याल लागतं व्हय?"

वर जयमाला पेटी पुसत होती. माझ्याकडे बघून थांबली.

"कुठे लग्नाला निघालात?"

"तुम्हीच म्हणालात ना... पास आहे."

"हो. उपग्रहाचा. डोक्यावरून जातो ना, त्याला पास म्हणतात." मग तिच्या लक्षात आलं. "तुम्हाला कसला वाटला?"

मी टाकीकडे बघत राहिलो. "सिनेमाचा."

ती हसली नाही, निदान लगेच नाही. पेटी जपून खाली ठेवली, टाकीच्या कट्ट्यावर बसली आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"आणि कुठला सिनेमा होता, सकपाळ?"

"ते तुम्ही ठरवलं असेल असं वाटलं."

त्या दिवसापासून तिचा माणूस आला नाही. ती म्हणायची, आजारी आहे. पुढे कळलं, तिनेच त्याला दुसरं काम दिलं होतं.

तो हिवाळा असा गेला. पुढे खाडी, मागे चिमण्या, आणि मध्ये आम्ही. बाराला ती पेटी धरायची, मी आकडा सांगायचो. तिच्या कपाळावर घाम यायचा, पण हात हलवता यायचा नाही. एकदा मी रुमाल पुढे केला. ती म्हणाली, "काटा बघा, काटा." पण कवडसा फुलीवरून हलला होता. मी बघितलं. ती न बघितल्यासारखं दाखवत होती.

मे महिन्यात ढग यायला लागले. ढगांत हे काम होत नाही. संस्थेचं काम संपलं आणि तिला अहमदाबादची नोकरी आली. शेवटच्या दिवशी ती वर आली तेव्हा आभाळ पार भरलेलं होतं. एवढे महिने मी रोज तिला आकडे सांगितले होते, बाकी काही नाही. आज नाही बोललो तर ती जाणार होती.

"आजचा पास फुकट गेला," ती म्हणाली.

"माझ्याकडे दोन आहेत."

मी खिशातून काढून दिले. ठाण्याच्या थिएटरचे. तिने उलटसुलट करून बघितले.

"ही तर तिकिटं आहेत."

"पास कुणी दिला नाही."

ती हसली. मग हसू गेलं. "मी परवा निघतेय, सकपाळ."

"अहमदाबाद... त्याच ठिपक्यात येतं का?"

ती खाडीकडे वळली. वारा उलटा फिरला होता. रंगाचा आंबट वास येत होता.

"नाही," ती म्हणाली. "ते लांबच्या ठिपक्यात."

"मग इथेच राहा. मला दुसरं बोलता येत नाही."

"पेटीला दोघं लागतात. माहिती आहे ना? रोज. कंटाळा आला म्हणून चालत नाही."

"माहिती आहे."

"मग चला. सिनेमा चुकेल."

ती अहमदाबादला गेली नाही. वाशीच्या कॉलेजात शिकवू लागली. आमचं लग्न झालं. संस्थेने जुनी पेटी तिच्याकडेच राहू दिली. हिवाळ्यात आभाळ स्वच्छ असेल त्या रविवारी आम्ही गच्चीवर जायचो. आकडे ती संस्थेला पाठवायची. मूल झालं नाही. कधी बोलणंच नसायचं दिवसभर, पण बाराला ती जिन्यातून हाक मारायची, "नंदू, पास." आणि मी जायचो.

आता जानेवारी चालू आहे. आभाळ रोज स्वच्छ असतं. मी डबा खातो, कामावर जातो, येऊन दिवा लावतो. शेजारी जेवायला बोलावतात. कधी जातो, कधी नाही. पेटी कपाटावर आहे, फडक्यात बांधलेली.

परवा रविवारी स्मितावहिनींनी विचारलं, "भावजी, मी धरू का पेटी? तुम्ही काटा वाचा. ती म्हणायची, खाडा पडू नये."

मी म्हटलं, "पुढच्या रविवारी बघू."

पेटी धरणं तिचं होतं. मी फक्त काटा वाचायचो. उपग्रह अजून फिरतो आहे. रोज बाराच्या सुमारास वाशीवरून जात असेल. ती गेली त्या दुपारचा आकडा घ्यायचा राहिला, आणि त्यानंतरचेही सगळे राहिले आहेत.