पोचल्यावर दोन रिंगा

वारूळवाडीचा रविंद्र दूध डेअऱ्यांवरची दुधाची फॅट मोजायची मशीनं दुरुस्त करायचा. जुन्नर-आंबेगावात कुठंही मशीन रुसलं की त्याला बोलावणं यायचं आणि हा मोटरसायकलला किक मारून निघायचा. हत्यारांपेक्षा याची मोबाईलची पिशवी जड, अशी लोक थट्टा करत. पॉवर बँक, रबर लावून गुंडाळलेली वायर, पावसापाण्याला प्लास्टिकचं कव्हर, सगळा संसार बरोबर. कुणाच्या घरी गेला तरी पाण्याच्या तांब्याआधी याची नजर भिंतीवरच्या बोर्डाकडं जायची. "राव, तुमाला कुना मंत्र्याचा फोन येनार हाय का?" असं कुणी विचारलं की तो नुसता हसायचा.

खरं म्हणजे कामाचं बोलावणं सोडलं तर त्याला कुणाचाच फोन यायचा नाही. फोन जिवंत ठेवायचा तो एका मिस कॉलसाठी. मुक्कामाला पोचलं की घरी दोन रिंगा द्यायच्या आणि कट करायचं. मग घरून कल्याणीच्या दोन रिंगा यायच्या, म्हणजे तिला समजलं. लग्नानंतर घेतलेल्या पहिल्या साध्या मोबाईलपासूनची ही रीत.

कल्याणी काविळीनं गेली त्याला दोन वर्षं झाली होती. पुण्यानुमोदनाच्या विधीला जमलेली माणसं आपापल्या गावी परतली आणि घरात हा एकटा उरला. तिचा फोन मात्र त्यानं बंद पडू दिला नाही. बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या फळीवर तो कायम चार्जिंगला लावलेला असायचा, रिचार्ज कधी चुकायचा नाही. आणि रविंद्र जिथं जाईल तिथून कुलूपबंद घरात दोन रिंगा द्यायचा. उलट रिंगा येत नसत. पण आपल्या नावानं घरात काहीतरी वाजतंय, एवढ्यावर त्या बिचाऱ्याचा दिवस निघायचा.

जानेवारीतल्या एका सकाळी लोणीच्या दूध केंद्रावरून निरोप आला, मशीन पार बंद पडलंय, संध्याकाळचं दूध घ्यायचं कसं? रविंद्र उठून बघतो तर रात्रीतून त्याचा चार्जर जळालेला. फोन जेमतेम पाव भरलेला, पॉवर बँक रिकामी. एवढ्या सकाळी दुकानं कुठली उघडी? त्यानं फळीकडं पाहिलं. मन होईना, पण हात गेला. कल्याणीच्या फोनचा चार्जर काढून त्यानं पिशवीत टाकला. तिच्या फोनची बॅटरी जुनी, चार्जरशिवाय संध्याकाळपर्यंत तग धरायची नाही, हे त्याला चांगलं माहीत होतं. "एका दिवसाचा तर प्रश्न हाय. अंधार पडायच्या आत येतो," असं तो रिकाम्या घराला म्हणाला आणि कुलूप लावून निघाला.

खोडदपाशी दुर्बिणीच्या मोठमोठ्या पांढऱ्या तबकड्या आभाळाकडं तोंड करून उभ्या होत्या. तिथं मोबाईल बंद ठेवायची पाटी आहे. रविंद्र पाटी मानणारा माणूस, त्यानं फोन बंद केला. पुढं गेल्यावर वाटलं, राहू दे बंदच, तेवढंच चार्जिंग वाचेल, लोणीत लावू.

लोणीत पोचला तर केंद्रावर गर्दी. पिशवी खुंटीला अडकवायची आणि मशीन उघडायचं एवढंच त्याला सुचलं. चार्जर पिशवीत राहिला, फोनही बंदच राहिला. आणि दोन वर्षांत पहिल्यांदा तो दोन रिंगा द्यायला विसरला.

दिवस कलला तेव्हा मशीन सुरू झालं. केंद्र चालवणारा गोकुळ मागच्या वर्षीच कामाला लागलेला, पोरगेला आणि बोलका. चहाचा कप पुढं करत तो म्हणाला, "आवो भाऊ, सांगायचं राह्यलंच की. दुपारी वहिनींचा फोन आला व्हता."

"कुना वहिनींचा?"

"तुमच्या घरून! केंद्राच्या फोनवर. पोचले का म्हनून इचारत व्हत्या. म्हनलं, पोचले, कामात हायेत. मगाशी पुन्हा आला व्हता."

रविंद्रनं कप खाली ठेवला. पूर्वी याचा फोन लागेना झाला की कल्याणी केंद्रावर लावायची. गोकुळला ती गेलेली ठाऊक असायचं कारण नव्हतं.

"आनि... काय म्हनली?"

"म्हनल्या, माज्या फोनचं चार्जिंग संपत आलंय. हितं अंधार पडाया लागलाय. त्यास्नी म्हनावं, लवकर या."

रविंद्रनं फोन चालू केला. पडदा उजळला आणि संदेश येऊ लागले. फोन बंद असताना आलेल्या कॉलचे. नाव एकच, कल्याणी. त्यानं तो नंबर लावला. रिंग जाऊ लागली, नेहमीसारखीच. या वेळी त्यानं कट केला नाही. कुणी उचललं नाही, पण शेवटच्या रिंगेला पलीकडं काहीतरी हललं असं त्याला वाटलं.

दुसरा कुणी घाबरून तिथंच बसला असता. याला भीती वाटली नाही असं नाही, पण त्याहून मोठी कळ काळजात उठली. ती आहे, घरात आहे, दोन वर्षं आपल्या रिंगा ऐकतेय. आणि आपण तिचा चार्जर काढून आणलाय. तिचा फोन बंद पडायच्या आत घर गाठायचं, एवढंच त्याच्या डोक्यात राहिलं. चहा तसाच ठेवून त्यानं गाडी काढली.

धामणी मागं पडेपर्यंत सूर्य बुडाला. थंडी बोटांत शिरत होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस उभा, आणि त्यातून ओल्या पाचटाचा वास येत होता. रांजणीजवळ थांबून त्यानं पुन्हा फोन लावला. एक रिंग गेली, मग मध्येच तुटली. पुन्हा लावला. बाईच्या गोड आवाजानं सांगितलं, हा फोन बंद आहे.

"आलो गं... आलोच," तो मोठ्यानं म्हणाला. त्या आवाजानं उसातली रातकिड्यांची किरकिर थांबली.

खोडदच्या त्या पाटीपाशी समोरून एक बाई चालत येताना दिसली. एकटीच होती. डोक्यावर पदर, पायात काही नाही. गाडीचा उजेड पडला तसा तिनं चेहरा वळवला आणि हात वर केला. लिफ्ट मागत असेल, पण तिची दिशा उलटी, आणि याला एक क्षण दवडायचा नव्हता. तो तसाच पुढं गेला. थंड वाऱ्यात मागून खोबरेल तेलाचा आणि कापराचा वास आला. सर्दीवर कल्याणी असं तेल करायची, हे त्याला थोडं पुढं गेल्यावर आठवलं. मग मात्र त्याला मागं वळून बघायचा धीर झाला नाही.

घराला कुलूप तसंच होतं. आत शिरून त्यानं दिवा लावला. फळीवर तिचा फोन काळा पडून होता. त्यानं घाईघाईनं चार्जर जोडला आणि फोनपुढं मांडी घालून बसला. घरात कुणी नव्हतं. रोजच कुणी नसायचं, पण आज ते वेगळं जाणवत होतं, कुणी आत्ताच उठून गेल्यावर खोली वाटते तसं.

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. पडद्यावर बॅटरीची लाल रेघ आणि गोकुळचं नाव.

"भाऊ, कुठं हायसा तुमी? वहिनी आल्यात ना हितं!"

"कोन... कोन आलंय?"

"वहिनी ओ. कशानं आल्या कायबी कळंना, गाडी न्हाई दिसत. म्हनत्यात, घरात अंधारात बसवंना, म्हनून निघाले. वाटंत तुमाला हात केला, तर तुमी थांबला न्हाई."

रविंद्रनं फळीवरच्या काळ्या फोनकडं पाहिलं.

"देऊ का त्यांच्याकडं फोन?"

"दे," तो म्हणाला. "दे... लवकर दे."

पलीकडं बांगड्या वाजल्या. कुणीतरी दमून श्वास घेतला. "आहो..." एवढंच ऐकू आलं आणि त्याच्या हातातला फोन बंद झाला.

त्यानं तिच्या फोनचा चार्जर ओढला, आपल्याला लावला. पडदा उजळायला एक जन्म लागला. गोकुळनं उचललं तेव्हा त्याचा आवाज बदललेला होता.

"गेल्या ओ त्या. थांबा म्हनलं, तर न्हाई. ते घरी पोचले असतील, मीबी जाते म्हनल्या. पोचले की दोन रिंगा देते म्हनून सांगितलंय."

"गोकुळ... कुठल्या फोनवरनं देनार म्हनली?"

"व्हता की त्यांच्या हातात फोन. पर भाऊ... तो बंद व्हता. नुसता धरला व्हता."

तिचा फोन इथं, फळीवर, रविंद्रच्या डोळ्यांपुढं होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं आणखी एक चार्जर आणला. आता दोन्ही फोन फळीवर शेजारी शेजारी चार्जिंगला असतात. लांबची कामं तो घेत नाही. संध्याकाळ झाली की दाराची कडी काढून ठेवतो आणि बसून राहतो. दोन रिंगा आल्या नाहीत. एकदा धामणीचा कुणी टेम्पोवाला म्हणाला, एक अनवाणी बाई वारूळवाडी किती लांब ते विचारत होती. पुढं रांजणीच्या एका माणसानंही तेच सांगितलं. रविंद्रनं दोघांनाही जास्त काही विचारलं नाही.

काल दिवेलागणीला पूर्ण भरलेला, चार्जरला जोडलेला कल्याणीचा फोन आपोआप बंद झाला. त्यानं बटण दाबून पाहिलं, वायर हलवून पाहिली, काही उपयोग झाला नाही. रात्रभर त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी खोडदचा जानकू रतीबाचं दूध घालायला आला. सहज बोलता बोलता म्हणाला, "काल सांजच्याला आमच्या त्या पाटीपाशी एक बाई उभी व्हती, भाऊ. पाटी वाचली, आनि हातातला मोबाईल बंद केला तिनं. लई शिस्तीची बाई."

खोडद ते वारूळवाडी वाट ती केवढीशी. जानकू गेल्यावर तो फळीपुढं येऊन बसला आणि त्या काळ्या पडद्याकडं बघत राहिला. पाटी ओलांडली की फोन पुन्हा चालू करायचा असतो, हे त्या दिवशी तो स्वतः विसरला होता. ती विसरली नसेल ना, एवढाच घोर त्याला लागला आहे. दार त्यानं उघडंच ठेवलंय.