कोपऱ्यातली माणसं

रविवारी दुपारचं जेवण उरकलं की गौरांग देशकर आठवडाभराचे सात फोटो तयार करून ठेवायचा. 'रोजचं जबलपूर' हे त्याच्या सोशल मीडियावरच्या पानाचं नाव. चाळीस हजार माणसं ते रोज सकाळी आठला उघडून बघत. झोपलेली कुत्री, वाहता नळ, रिक्षाच्या आरशात टिकली नीट करणारी बाई, असलंच काहीबाही. पोटापाण्याला लग्नाचे फोटो होते, पण जीव होता तो या फोटोंत. सातही फोटोंना वेळ लावून दिली की फोन आपला आपण रोज आठला एकेक टाकत राही, आणि हा पठ्ठ्या हात झाडून मोकळा.

एक खोड मात्र होती. फ्रेम साफ हवी. कोपऱ्यात कुणाचा खांदा आला, कुणाची टोपली आली की याच्या डोक्यात तिडीक जायची. नको ते पुसून टाकायची सोय फोनमध्येच होती. बोट फिरवलं की माणूस नाहीसा, आणि त्याची जागा शेजारच्या भिंतीने भरून निघे. बारकाईने पाहिलं तर तिथे एकच डाग दोनदा दिसायचा. पण एवढं बारकाईने पाहतो कोण?

त्या रविवारी त्याने दोन माणसं पुसली. सोमवारच्या फोटोत कांचघरच्या चौकातली पिवळी भिंत होती. तिच्या कडेला पेरूवाली अम्मा टोपली घेऊन बसली होती, ती गेली. गुरुवारच्या फोटोत अधारतालच्या त्याच्याच घराचं अंगण होतं. भिंतीवर कोवळं ऊन उतरलेलं, आणि कोपऱ्यात बाबा.

बाबा म्हणजे नीलकंठराव. फॅक्टरीतून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली होती. पोराने कॅमेरा काढला की म्हातारा इस्त्रीचा शर्ट घालून नेमका कोपऱ्यात येऊन उभा राहायचा. "माझाही एखादा टाक न रे," ते म्हणायचे. "फॅक्टरीतले सगळे पाहतात तुझे फोटो."

"टाकतो बाबा. गुरुवारी नक्की," असं सांगून गौरांगने त्यांना वाटेला लावलं होतं, आणि मग बोट फिरवलं होतं. फोटो फार सुरेख दिसत होता.

घरात तिसरी सुखदा, त्याची बायको. दिवाळीपासून तिचं काही ठीक नव्हतं. अंगणात बसून ती अवंतिका नावाच्या पोरीला हाका मारायची, ताटं मांडताना एक छोटी ताटली जास्तीची मांडायची. दोघांना मूलबाळ नव्हतं, मग ही अवंतिका कोण? डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. एकदा तिने गौरांगला हाताला धरून अंगणात नेलं आणि शेजारशेजारच्या दोन फरश्या दाखवल्या. दोन्हींचा टवका एकाच जागी, एकाच आकाराचा उडालेला होता. तो हसला. बाबाही हसले. त्यानंतर सुखदा कधी त्या पोरीविषयी बोलली नाही, आणि नवऱ्याच्या फोनला तिने पुन्हा हातही लावला नाही.

सोमवार ते बुधवार गौरांग महाराजपूरच्या एका लग्नात अडकला होता. गुरुवारी सकाळी तो नेहमीसारखा कांचघरला चहा प्यायला गेला. हवेत गारवा होता, आल्याचा वास सुटला होता. भिंतीपाशी अम्मा नव्हती.

"भैया, अम्मा नहीं आई आज?"

"कौन अम्मा?" चहावाल्याने गाळणी झटकत विचारलं.

"अरे, अमरूदवाली. यहीं तो बैठती है, रोज."

"यहाँ?" तो हसला. "यहाँ तो कभी कोई नहीं बैठा, भैया."

गौरांगला वाटलं, थट्टा करतोय. पण दिवसाचा पहिला चहा हाच माणूस रोज अम्माच्या हातात नेऊन द्यायचा, आणि आता त्याच्या चेहऱ्यावर थट्टेची रेघसुद्धा नव्हती. गौरांग भिंतीजवळ गेला. तिथे पानाच्या पिचकारीचा डाग होता. त्याच्या शेजारी दुसरा होता. तोच ओघळ, खाली डावीकडे वळलेला, शेवटी तेच तीन शिंतोडे. त्याने नखाने खरवडलं. चुन्याची पूड बोटावर आली. भिंत खरी होती.

त्याला अंगणातल्या फरश्या आठवल्या. आणि मग आजचा, गुरुवारचा फोटो आठवला. त्याने घाईने फोन काढला.

आठला आठ मिनिटं कमी होती. त्याने फोटो रद्द केला. पडद्यावर चाक फिरू लागलं आणि फिरतच राहिलं. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. फोन बंद करून चालू केला, त्यात तीन मिनिटं गेली. चाक फिरतच होतं. घर गाठायला वीस मिनिटं तरी लागणार होती, आणि गाठून तरी तो काय करणार होता? त्याने बाबांना फोन लावला.

"अरे, बोल." पलीकडे कपबशीचा आवाज. "सुखदानं मस्त आलं टाकलं आज."

"बाबा… तुम्ही ठीक आहात न?"

"मला काय धाड भरली? काहून घाबरून राहिला तू?"

"काही नाही… तुम्ही बोलत राहा. फोन ठेवू नका, बाबा. काहीही बोला…"

"अच्छा." ते खुशीत हसले. "आज आपला नंबर आहे न? मी सगळ्यांना सांगून ठेवलं, आठ वाजता पाहा म्हणून. शर्ट तो निळाच होता न रे? तुझी आई म्हणायची, निळ्यात तुम्ही…"

"बाबा?"

खट्ट असा आवाजही झाला नाही. कुणी फोन उचललाच नव्हता, अशी शांतता होती. गौरांगने पडदा पाहिला. कॉल चालू नव्हता. आधी केल्याची नोंदही नव्हती. नावांच्या यादीत 'बाबा' हा शब्द नव्हता. वर आठ वाजले होते, आणि फोटो गेला होता. खाली पहिली प्रतिक्रिया येऊन पडलीही: क्या साफ फ्रेम है, भैया!

त्याने टाकलेला फोटो काढला, मूळ फोटो शोधला. त्यातही अंगण रिकामंच होतं. जुन्या फोटोंत, आईबाबांच्या लग्नाच्या अल्बमवरून काढलेल्या फोटोंत, आईशेजारी नुसती भिंत होती. तो चौकात उभा राहून लहान पोरासारखा रडला. लोक बघत होते, चहावाला पाण्याचा ग्लास पुढे करत होता, आणि कुणाला काय सांगावं हे त्याला कळत नव्हतं.

घरी आला तेव्हा सुखदा अंगणात बसून तांदूळ निवडत होती. बाबांची खुर्ची नव्हती, चपला नव्हत्या. कोपऱ्यातल्या भिंतीवर ओलीचा एक डाग होता, आणि शेजारी तसाच दुसरा.

"सुखदा… बाबा कुठे आहेत?"

तिने मान वर केली. "कोणते बाबा?"

तो तिच्यासमोर बसला. सगळं बोलून गेला. अम्मा, पिचकारी, फोन, निळा शर्ट. बोलता बोलता त्याला वाटलं, आता ही हसेल. पण ती हसली नाही. तिने सूप हळूच बाजूला ठेवलं.

"तू… हसत काहून नाहीस?"

"मी काहून हसू?" ती म्हणाली. "तुम्ही हसले होते न. आणि आता तुम्ही म्हणून राहिले, ते बाबाही हसले असतील. मला तर तुम्ही एकटेच हसल्याचं आठवते."

ती उठून टवका उडालेल्या फरश्यांपाशी गेली आणि तिथे हात ठेवून बसली. "दिवाळीच्या रांगोळीचा फोटो होता. तुम्ही कामात होते. म्हणाले, कोपरा साफ कर आणि टाकून दे. ती रांगोळीत पाय घालून उभी होती… मी पुसली. वाटलं, फोटोतूनच तर पुसून राहिली. पाच वर्षांची होती हो आपली. तुमचा फोन घेऊन बसायची दिवसभर, स्क्रीनवर बोट फिरवत… तुमच्यासारखंच."

गौरांगने डोळे मिटून खूप प्रयत्न केला. अवंतिका. पोटची पोर. त्याला एक चेहरा, एक हाक, काहीही आठवेना. रडूसुद्धा आलं नाही, आणि तेच सगळ्यांत भयंकर होतं. तीन महिने तो या बाईला गोळ्या गिळायला लावत होता.

"मला माफ कर," तो म्हणाला. तिने नुसता त्याचा हात धरला. बाबा तिला आठवत नव्हते, पोर त्याला आठवत नव्हती; ज्याने पुसलं, त्यालाच तेवढं आठवत होतं. ऊन भिंतीवरून खाली सरकत होतं.

बऱ्याच वेळाने तो तोंड धुवायला नळाशी गेला. ओंजळीत पाणी घेतलं आणि तसाच थांबला. नळाच्या मागे सिमेंटला एक तडा गेला होता, मधे शेवाळाचा हिरवा ठिपका. त्याच्या वीतभर अलीकडे तसाच तडा होता, मधे तसाच ठिपका.

"सुखदा… हे पण तूच?"

ती जवळ आली. वाकून पाहिलं.

"नाही हो," ती कुजबुजली. "मला तर इतके दिवस वाटत होतं, हे तुम्ही…"

दोघं नळापाशी उभे राहिले. त्या फोनवर बोट फिरवणारी तिसरी तर आता नव्हतीच. या घरात एकूण किती माणसं होती, हे आता विचारायचं तरी कुणाला?