कच्च्या झिलईवरची रेघ

शनिवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. पॅरामॅटातल्या फ्रेंच भांड्यांच्या दुकानात एका तरुणाने काउंटरवर वाडगा ठेवला. हाताने घडवलेला, मातीचा, पिवळ्या काठाचा. मधोमध रंगवलेला निळा कोंबडा. कोंबड्याच्या मानेपासून बुडापर्यंत तडा.

"आपोआप तडकला," तो इंग्रजीत म्हणाला.

काउंटरमागच्या स्वरदाने वाडगा उचलला. तड्यात मोहरीचे दोन दाणे अडकले होते. हिंगाचा वासही होता.

"कोशिंबीर की कढी?" तिने मराठीत विचारलं.

त्याचे कान लाल झाले. "कोशिंबीर."

"दही फ्रिजमधलं?"

"हो… आई फोनवर म्हणाली, फोडणी चरचरीत पाहिजे."

"आईंना सांगितलंत, भांडं कुठलं आहे ते?"

"फ्रान्सचं म्हटलं असतं, तर फोडणी राहिली बाजूला, आधी किंमत विचारली असती."

स्वरदा हसली. गार दह्यावर कडकडीत तेल पडलं की अशी माती तडकते, बदलून मिळणार नाही, असं तिने सांगितलं. मग त्याने न विचारताच माहिती दिली: नाव रुद्र, जवळच्याच ऑफिसात आयटीत, राहायला स्कोफिल्ड्स उपनगरात. जाताना दुसरा वाडगा विकत घेतला.

पुढच्या शनिवारी तो डबा घेऊन आला.

"फोडणी निववून घातली. वाडगा सुखरूप."

"आणि कोशिंबीर?"

"ते तू सांग."

तू… स्वरदाने चमचा शोधायला जरा जास्तच वेळ लावला. मीठ कमी होतं. तिने डबा संपवला.

असे पाच शनिवार झाले. सहाव्या शनिवारी तो डब्याशिवाय आला.

"मेलबर्नला जॉब मिळालाय. उद्या सकाळची फ्लाइट."

"आज सांगतोयस?"

"तीन आठवडे मेसेज लिहितोय तुला. लिहितो… आणि पुसतो."

"काय लिहितोस?"

"पुसलं ना."

इथला राजीनामा सोमवार सकाळपर्यंत मागे घेता येईल, असं त्याचा मॅनेजर म्हणाला होता. हे सांगतानाही तो तिच्याकडे नाही, बरण्यांकडे बघत होता.

स्वरदा त्याला मागच्या खोलीत घेऊन गेली. दुकान तिथे रंगकामाचे क्लास घेतं. कोपऱ्यात भट्टी आहे. तिने पांढरी, पिठूळ थाळी त्याच्यापुढे ठेवली आणि हातात ब्रश दिला.

"ही कच्ची झिलई. ब्रश टेकला की रंग आत मुरतो. पुसता येत नाही. फ्रान्समधले कारागीरही एका दमात रेघ ओढतात."

"आणि चुकलं तर?"

"चुकलेलंच भाजायचं. लिही, जे पुसत होतास ते."

रुद्रने दोनदा ब्रश उचलला, दोनदा खाली ठेवला. तिसऱ्यांदा टेकवला. पहिलं अक्षर वेडंवाकडं आलं, पुढची सावरली. राखाडी रंगात एवढंच: मी राहिलो तर तुला आवडेल?

स्वरदाने वाचलं. पुन्हा वाचलं.

"तोंड तिकडे कर."

"का?"

"कर ना."

त्याच्या पाठीमागे ब्रश थाळीवरून सरकला — फार वेळ नाही. मग भट्टीचं झाकण बंद झाल्याचा आवाज.

"काय लिहिलंस?"

"भाजल्यावर निळं होईल. तेव्हा वाच."

"एक अक्षर तरी सांग."

"एकही नाही."

"भट्टी उघडणार कधी?"

"उद्या दुपारी चारला. त्याआधी हेलन कुणालाच हात लावू देत नाही." हेलन म्हणजे मालकीण.

"माझी फ्लाइट सकाळी नऊ वाजून दहाची आहे, स्वरदा."

"माहितेय."

"तू मुद्दाम…"

"तीन आठवडे मला वाट बघायला लावलीस. तू एक रात्र बघ."

तिचा आवाज अगदी साधा होता. ओला ब्रश मात्र तिने तसाच एप्रनच्या खिशात खोचला. खिशावर राखाडी डाग उमटला. रुद्रच्या ते लक्षात आलं. आल्यापासून पहिल्यांदाच तो हसला.

संध्याकाळी सहा चाळीसची स्थिती अशी: भट्टीवरचा आकडा सातशे साठ अंश, अजून चढतोय. दुकान दीड तासापूर्वी बंद झालं. स्वरदा आतच आहे, रुद्र बाहेरच्या बाकावर. मेलबर्नच्या फ्लाइटचं चेक-इन सुरू झालंय. त्याने अजून केलेलं नाही.