जस्तावरची खळ

सात रस्ता चौकातल्या रसायनांच्या दुकानात मी शंभर ग्रॅम पीव्हीए, म्हणजे खळीची पावडर मागितली. मालक म्हणाला, सुटी मिळत नाही. शेवटचं पोतं एका तरुणाच्या खांद्यावर होतं.

"माझ्यातनं घ्या की," तो म्हणाला. "पण एवढ्याशा खळीत एक टॉवेलबी विणून व्हायचा न्हाय."

"टॉवेल नाही… बॅटरीसाठी हवी आहे."

त्याने पोतं खाली ठेवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी उगाचच ओढणी सावरली.

तो धर्मपाल. सायझिंगच्या कारखान्यात सुताला खळ द्यायचा. मी दाक्षायणी, पीएचडी करणारी आणि जन्माची भित्री. माझी बॅटरी जस्ताची, आत पाणी. चार्ज करताना जस्तावर बारीक काटे उगवतात, मधला पडदा फाडतात आणि बॅटरी मरते. म्हणून जस्ताला पॉलिमरचा पातळ लेप द्यायचा. माझा लेप मात्र सारखा सुटायचा. रोज सकाळी बॅटरी मेलेली दिसेल म्हणून प्रयोगशाळेचं दार उघडायलाच मी घाबरायचे.

आठवड्याने तो लेप बघायला प्रयोगशाळेत आला.

"पाण्यात ठिवणार? इरघळंल की."

"विरघळू नये म्हणून त्यात एक औषध घालते."

"मग वाळवताना घाई करताय. वरनं वाळतंय, आत वलंच. दोनदा पातळ द्या, सावकाश वाळू द्या."

"आणि तरी सुटला तर?"

"तर मला बोलवा… न्हाई सुटला तरी बोलवा."

तो लेप टिकला. बॅटरी एकदा भरली, एकदा रिकामी झाली, की एक चक्र. शंभर झाली, दोनशे झाली. रोज दुपारी त्याचा फोन यायचा.

"जित्ती हाय का?"

"आहे."

"अन् तुमी?"

मग माझ्या पीएचडीच्या सरांनी सांगितलं, पाचशे चक्रं झाली की मी पुढच्या संशोधनासाठी कोरियाला जायचं, दोन वर्षांसाठी. धर्मपालला मी ते फोनवर सांगितलं, आणि त्या दिवसापासून माझी भीती उलटीच झाली. बॅटरी मरेल म्हणून नाही, जगेल म्हणून मी घाबरू लागले.

चारशे नव्व्याण्णव झाली त्या दुपारी खोलीत कोणी नव्हतं. बॅटरीला लावलेल्या तारेची एक क्लिप काढली असती तर सगळं थांबलं असतं. मी क्लिप चिमटीत धरली.

"काढू नका."

आज फोन न करता धर्मपाल स्वतःच दारात उभा होता. मला रडूच आलं.

"मला जायचं नाही… तुम्हाला सोडून नाही जायचं."

तो आत येऊन माझ्याशेजारी उभा राहिला.

"मी तर कवापासनं भ्यालोय," तो हळूच म्हणाला. "फोनवर तुमी 'आहे' म्हणेस्तवर घास उतरत न्हाय माझा. पण भिऊन थांबलो, असं आपलं नको व्हायला."

"आपलं?"

त्याचे कान लाल झाले. "व्हय… आपलं. दोन वर्सं वाट बघंन मी. तुमी या म्हंजे झालं."

मी क्लिप सोडली. माझा हात त्याने हातात घेतला. पाचशेवं चक्र पुरं होईपर्यंत आम्ही तसेच, घाबरून, संगणकाच्या पडद्यावरच्या आकड्याकडे बघत बसलो.