सहारहून परत आलेली बॅग

वीज काही आता इतक्यात येत नाही. तेव्हा तो रेडिओ बंद करा, पाय वर घ्या आणि ऐका. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर गुदरली तो श्रीनाथ माझ्याच शेजारच्या खोलीत राहायचा. थापा मारणारा माणूस नव्हता तो. उलट, दुसऱ्याचं प्रत्येक बोलणं थापच आहे असं धरून चालणारा. दूधवाल्याने दूध चांगलं दिलं तरी हा विचारणार, आज काय विशेष?

भिवंडीला पोस्टात कारकून होता. स्वतः जन्मात विमानात बसला नाही. पण आपल्या भागातून कुणी आखातात निघालं की आधी श्रीनाथच्या दारात. सहार विमानतळाची त्याला खडान्‌खडा माहिती. जुन्या फियाटमधून स्वतः पोचवायला जायचा आणि वाटेत पाठ म्हणून घ्यायचा. पासपोर्ट आतल्या खिशात. अनोळखी माणसाचं पुडकं कितीही गयावया केली तरी घ्यायचं नाही. पोचवायला आलेल्यांनी वजन होईपर्यंत कठड्यापासून हलायचं नाही, कारण जास्तीचं सामान परत हातात येतं. आणि बॅगेवर आधीच्या प्रवासाचा टॅग असेल तर तो फाडून टाकायचा, नाहीतर बॅग जुन्याच मुक्कामाला जाते.

त्या रात्री तो विठूला पोचवायला निघाला होता. तारीखही सांगतो, शुक्रवार, नऊ डिसेंबर एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. अमावस्या दुपारच्या आतच संपली होती, तेव्हा तिच्या डोक्यावर खापर फोडू नका.

विठू हा भिवंडीजवळच्या राहनाळच्या मोरूचा मुलगा. मोरू गोदामात हमाल. पोराला मस्कतला सुतारकाम मिळालं होतं, आणि कंपनीने बजावलं होतं की या विमानाने आला नाहीस तर जागा दुसऱ्याला. मोरूच्या घरात त्याआधी कुणी भिवंडीच्या पुढे कामाला गेलं नव्हतं. सगळं घर त्या एका विमानाकडे डोळे लावून बसलेलं.

बॅग मात्र मोरूच्या शेजारच्या सीताबाईची. म्हणजे तिच्या मुलाची, केसरीनाथची. केसरीनाथ तीन वर्षांपूर्वी मस्कतला कामावर असतानाच गेला. तिथल्या सोबत्यांनी तिथेच अग्नी दिला. घरी आली ती फक्त ही बॅग. सहारवरून ती आणून सीताबाईच्या ओट्यावर ठेवली तीही श्रीनाथनेच. म्हातारीने ती रोज पुसली. पण मुठीला लटकलेल्या टॅगला कधी हात लावला नाही. जाड पुठ्ठ्याचा टॅग, त्यावर नंबर आणि मुंबईची तीन इंग्रजी अक्षरं.

"माझ्या पोराची बॅग परत कामाला लागंल," असं म्हणून तिने ती आपणहून विठूला दिली. श्रीनाथने सवयीने आधी टॅग धरला.

"ऱ्हाऊ द्या ना तो, श्रीनाथभाऊ," सीताबाई म्हणाली.

"आजी, बॅग मस्कतला जायचीय. यावर मुंबई लिहिलंय. परत इथेच येईल ती."

त्याने टॅग उपटला, फाडून दोन तुकडे केले आणि अंगणात कचरा नको म्हणून सदऱ्याच्या खिशात टाकले. मोरूने मुठीला लाल लुगड्याची चिंधी बांधली. मग गोदामाच्या काट्यावर बॅग ठेवली. एकोणीस किलो. वीसची मुभा. श्रीनाथ खूश.

काशेळीचा पूल, ठाणं, हायवे करत मध्यरात्रीला सहारला पोचले. विठू बापाच्या पाया पडला आणि बॅग घेऊन आत गेला. श्रीनाथ आणि मोरू कठड्याला टेकून उभे राहिले.

थोड्या वेळाने विठू परत आला. बॅग दोन्ही हातांनी ओढत.

"सत्तावीस किलो सांगत्यात."

श्रीनाथने आधी मोरूकडे पाहिलं. बापाचं काळीज, गुपचूप काहीतरी कोंबलं असणार.

"काय घातलंस, मोरू? खरं सांग."

"आईशपथ, काय न्हाय. तुमच्याच डोल्यांसमोर वजन क्येलं ना?"

फुटपाथवरच बॅग उघडली. लोणच्याची बरणी काढली, तांदळाची पिशवी काढली, हत्यारांतला जड रंधा काढला. बॅग निम्मी झाली. विठू पळत आत गेला.

परत आला तेव्हा त्याचे ओठ सुकले होते.

"बत्तीस..."

आता श्रीनाथच्या अंगाला घाम सुटला. भुताचा नव्हे, पोलिसांचा. सोन्याचांदीच्या भानगडींचे ते दिवस. दारावरचा शिपाई दोनदा वळून पाहून गेला होता. कुणीतरी या गरीब पोराच्या गळ्यात काहीतरी अडकवलंय, अशी त्याची खात्रीच झाली. मोरूवरचा संशय विठूवर गेला, विठूवरून सीताबाईवर. म्हातारीने एवढी जपलेली बॅग आपणहून का दिली? अस्तराला काळ्या दोऱ्याचे टाके कुणी घातले? त्याने किल्लीने टाके उसवले. आत हात फिरवला. तळ ठोकून पाहिला.

काही नव्हतं. पुठ्ठा आणि कापड, बस.

"श्रीनाथभाऊ, काउंटर बंद करतात ओ," विठू रडकुंडीला आला.

"चादर आण तुझी."

सगळं सामान चादरीत बांधलं, वरून सुतळी आवळली आणि गाठोडं विठूच्या डोक्यावर दिलं. पोरगा धावला. बराच वेळ गेला. मोरू कठड्याच्या गजाला असा धरून उभा होता, की पोलिसालाही त्याला हटवायचं धैर्य झालं नसतं. मग काचेपलीकडून विठूचा हात हलला. बारा किलो भरलं होतं गाठोडं. सगळं ठीक.

मोरूने गजावर डोकं टेकलं आणि ढसाढसा रडला.

राहिली ती रिकामी बॅग. श्रीनाथ ती एका हाताने उचलायला गेला.

उचलेना.

"मोरू, जरा धर रे."

मोरू, शंभर किलोच्या गोणी पाठीवर वाहणारा माणूस. त्याने बॅग उचलली आणि त्याचा खांदा खाली ओढला गेला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बॅगेचं झाकण सताड उघडं होतं. दिव्याखाली तिचा तळ स्वच्छ दिसत होता.

"हितंच ठिवूया का?" मोरू हळूच म्हणाला.

"दुसऱ्याची वस्तू आहे," श्रीनाथ म्हणाला. पण आवाज त्याचा त्यालाच परका वाटला.

दोघांनी मिळून ती डिकीत घातली. फियाटची मागची बाजू खाली बसली. गाडीत तीन-चार माणसं बसल्यावर बसते तशी.

परतीची वाट धरली. ठाणं मागे पडलं. बाळकुमच्या पुढे दिवे संपले.

"भाऊ..."

"काय?"

"मागून आवाज यतो."

"रस्ता खराब आहे."

रस्ता खराब नव्हता. डिकीत काहीतरी कूस बदलत होतं. एकदा. थांबून परत एकदा. लांबच्या प्रवासात अवघडलेला माणूस बदलतो तशी.

श्रीनाथने आरशात पाहिलं नाही. स्टेअरिंग घट्ट धरलं. पूल आला. खाली खाडी, काळी. गाडी पुलावर चढली. आवाज थांबला.

पूल संपला...

आणि गाडीचा मागचा भाग वर आला. सावकाश. कुणी उतरल्यासारखा.

त्याने गाडी थांबवली. कशी कोण जाणे, पण थांबवली. दोघे मागे गेले. डिकी उघडली. बॅग होती. श्रीनाथने बोटाने सरकवून पाहिली. हलकी, सुपासारखी. मोरूने तिच्याकडे पाहिलं, मग समोर राहनाळकडे जाणाऱ्या अंधारात पाहिलं.

"चला," एवढंच म्हणाला.

राहनाळला पोचले तेव्हा उजाडायला अवकाश होता. सगळी आळी झोपलेली. सीताबाईचं दार मात्र उघडं. उंबऱ्यात कंदील. म्हातारी बसली होती, एका हाताशी पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा.

परगावाहून माणूस दारात आला की ओवाळून टाकतात, तसा.

"आजी, अजून जाग्या? बॅग परत येणार हे कुणी सांगितलं तुम्हाला?" त्यातही श्रीनाथचा संशय सुटला नव्हता.

तिचं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. तो ओट्यावर बॅग ठेवत होता आणि ती त्याच्या बाजूला, मोकळ्या जागेकडे पाहत होती. उठली. तुकडा ओवाळला. लांब फेकला. मग त्याच मोकळ्या जागी, माणसाच्या पायांवर घालावं तसं, पाणी घातलं.

"लय येल लावलास रे यायला," म्हणाली, आणि दार पुरतं उघडून बाजूला सरली.

श्रीनाथच्या मनात आलं, तिला हात धरून घरात न्यावं, दोन शब्द बोलावे. त्याला भीती वाटत होती आणि त्याहून जास्त वाईट वाटत होतं. तेवढ्यात मोरूने त्याचा दंड दाबला. कंदिलाच्या उजेडात मोरू बॅगेच्या मुठीकडे पाहत होता.

तिथे लाल चिंधी होती. त्याने स्वतः बांधलेली. आणि चिंधीशेजारी...

श्रीनाथने खिशात हात घातला. टॅगचे दोन्ही तुकडे होते. बाहेर काढून कंदिलाशी धरले आणि त्यांवरचा नंबर वाचला.

मग मुठीला लटकणाऱ्या टॅगवरचा वाचला. नंबर तोच होता, खाली मुंबईची तीच तीन अक्षरं, आणि पुठ्ठा कुठेही फाटलेला नव्हता.