वर आग लागलीय

ती किटली स्टोव्हवर जरा मागे सरकव रे, उतू जाईल. फेरीला अजून पाऊण तास आहे. मग आहेच लाकडी पट्ट्या वाजवत, "आग सांभाळा" ओरडत गावभर हिंडणं. तोवर एक ऐका. योनेदा कोहेई आपल्या या आग विझवणाऱ्या दलात माझ्याबरोबर अठरा वर्षं होता. त्याच्या बाबतीत घडलेलं आहे. त्याने ते मला एकदाच सांगितलं.

नोव्हेंबरची बारा तारीख, बुधवार. कोहेईची थोरली बहीण सायोको काशिहाराच्या इस्पितळात होती. डोळ्यांमागे गाठ झालेली. गुरुवारी सकाळी ऑपरेशन, आणि नजर राहील की जाईल, डॉक्टरही सांगू शकत नव्हते. रविवारीच तिने भावाकडे एकच गोष्ट मागितली होती.

"अमाकाशीच्या टेकडीवरून मावळतीचा फोटो काढून आण. पाठवू नकोस हं. शेजारी बसून दाखव."

"एवढंच ना ताई? उद्याच आणतो."

सोमवारी ढग. मंगळवारी ढग. बुधवारी आभाळ लख्ख झालं, तर कोहेईच्या स्ट्रॉबेरीच्या शेडमधला पंप बसला. तो दुरुस्त करण्यात चार वाजले. निघाला, तर पुढे एक आजोबा सायकलच्या वेगाने गाडी हाकतायत, बाजू द्यायचं नाव नाही. टेकडीखाली गाडी लावून पायऱ्या धावत चढून वर पोचला, तर कठड्याला फोटोवाल्यांची रांग. कॅमेऱ्यांची तिकाटणी लावून सगळे सकाळपासून ठाण मांडून बसलेले.

"काका, बाजूला व्हा ना, मध्ये येताय!"

"अरे बाबा, मला एकच काढायचाय."

"सगळे तेच म्हणतात."

शेवटी दोन तिकाटण्यांमधून हात घालून त्याने फोटो काढला. कात्सुरागीच्या डोंगरामागे सूर्याची शेवटची कड तेवढी राहिली होती. पण मिळाला. मोबाइल छातीच्या खिशात ठेवला. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. इस्पितळात भेटायला आठपर्यंत आत सोडतात. खाली उतरायला दहा मिनिटं, गाडीने वीस. चिक्कार वेळ होता.

तो पायऱ्या उतरायला लागला. झाडीत अंधार झाला होता. पहिल्या वळणावर एक बाई चढून येताना दिसली. ठेंगणी, अनवाणी, अंगात जाडंभरडं सुती काहीतरी, हातात लाकडी बादली. कोहेईला वाटलं, टेकडीवरचे वाडे जळाले त्या जुन्या काळाचं गावात नाटक-बिटक बसवतायत, त्यातली असेल.

"दादा, जरा हात लावता का?" ती धापा टाकत म्हणाली. "वर आग लागलीय."

"वर? मी आत्ता वरूनच येतोय. काही नाही तिथे."

"आग लागलीय हो."

कोहेई दलातला माणूस. उलटा फिरून चार पायऱ्या चढला, नाक वर करून हुंगलं. धूर नाही, उजेड नाही. तो वैतागला. "बाई, थट्टा करायला दुसरं कुणी बघा. मला घाई आहे." आणि उतरू लागला.

उतरला, उतरला... आणि कठड्यापाशी आला.

वरच्या. टेकडीच्या माथ्यावरच्या.

फोटोवाले गेले होते. कोहेई स्वतःवरच चिडला. अंधारात वाट चुकलो, दुसरं काय! पुन्हा निघाला, या खेपेला मोबाइलचा दिवा लावून. त्याच वळणावर तीच बाई, खालून वर येणारी.

"दादा, जरा हात लावता का?"

तो पुढे गेला. पायऱ्या मोजत. शंभर. एकशे वीस. पायाखाली गवत आलं. समोर कठडा.

चकवा लागलाय, हे त्याला तेव्हा कळलं. पण पोरांनो, त्याला भीती वाटली नाही म्हणाला. संताप आला. घड्याळात बघितलं, सहा चाळीस. दोन फेऱ्यांत दीड तास गेला होता! ताई दाराकडे बघत बसली असेल. त्याने इस्पितळात फोन लावला. नुसती खरखर. जोरात हाका मारल्या. पायऱ्या सोडून सरळ झाडीत घुसला, काट्यांनी हात फाडून घेतले, घसरत घसरत उतरला...

कठडा.

सात वाजून पाच मिनिटं.

आणि आता काशिहाराचे दिवे दिसत नव्हते. रस्त्यावरची एकही गाडी नाही. खाली नुसता काळोख. टेकडीवर वारा नाही, किडा नाही. पण चेहऱ्याला धग लागत होती. एका बाजूने. गालाला.

तो तिकडे वळला नाही.

पायऱ्यांवर पावलं वाजली. अनवाणी. थप... थप...

या वेळी कोहेई स्वतःच तिच्याकडे गेला. "काय हवंय तुला?" तो ओरडला. "माझी बहीण उद्या आंधळी होईल! मला जाऊ दे!"

तिने बादली पुढे केली. त्याने दिवा धरला. बादली रिकामी होती. तळाला बोटभर भेग. तिच्या मागच्या सगळ्या पायऱ्या ओल्या.

"अगं... ही गळतेय."

तिने बादली छातीशी धरली.

"किती वेळ चढतेयस तू?"

ती वळली आणि उतरू लागली. कोहेई तिच्या मागे गेला. या खेपेला पायऱ्या संपल्या. खाली एक डबकं होतं, त्याने कधी न पाहिलेलं. तिने बादली भरली. कोहेईने ती हिसकावून घेतली. गळ्यातला टॉवेल भेगेत कोंबला, वर तळहात दाबून धरला आणि चढला. बर्फासारखं पाणी कोपरापर्यंत उतरत होतं. ती मागून येत होती. तो शिव्या देत होता. पंपाला, आजोबांना, फोटोवाल्यांना, तिला. धग वाढली. त्याने डोळे मिटले.

माथ्यावर पोचून, धग जिथून येत होती तिकडे बादली उपडी केली.

चर्रर्र... असा आवाज झाला.

मग काही नाही.

डोळे उघडले तेव्हा खाली काशिहाराचे दिवे लुकलुकत होते. हातात बादली नव्हती. ती बाई पायऱ्यांच्या तोंडाशी उभी होती. कोहेईला वाटलं, आता सुटली असेल, निदान हसेल. तिने कमरेत वाकून नमस्कार केला... आणि पुन्हा खाली निघाली. पाणी आणायला.

आठला पाच कमी असताना तो इस्पितळात शिरला. ओला, ओरबाडलेला. परिचारिका दारात आडवी आली. "अहो, वेळ संपत आली! आणि हा काय अवतार?"

"पाचच मिनिटं. पाया पडतो."

सायोकोने मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन फोटो बघितला. बराच वेळ. मग त्याचा हात हातात घेऊन म्हणाली, "एवढा कुठे अडकलास रे? हात किती गार पडलाय."

त्याने खुर्ची तिच्या आणखी जवळ ओढली.

तिचा डावा डोळा गेला. उजवा वाचला. आता सावकाश का होईना, टेकडी चढते. कोहेई मात्र तिला खालीच सोडतो, वर जात नाही. तिच्याबरोबर मी जातो.

थंडीत पहाटे कधी गेलात तर बघा. माथ्यावरचं सगळं गवत दहिवराने पांढरं झालेलं असतं. कठड्याच्या डावीकडे मात्र चटईएवढा एक तुकडा आहे. त्यावर दहिवर धरत नाही. हात लावून पाहिलाय मी.

कोमट असतो.